बॅलेच्या क्लासातली पेटी

दिवसा मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि सकाळ-संध्याकाळ वाजवतो. पूर्वी ऑर्केस्ट्रात की-बोर्डवर असायचो. लग्नांतले ऑर्केस्ट्रे डीजेनं खाल्ले, मग गुरुवारचं भजनी मंडळ तेवढं हातात राहिलं. आता काही वर्षं झाली, सोलापुरातल्या एका बॅलेच्या क्लासात वाजवतोय. हे ऐकलं की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडं बघतो आणि मग म्हणतो, "तुम्ही? बॅले?" अहो, मी नाचत नाही. मी कोपऱ्यात बसतो. पण कोपऱ्यातनं क्लास जसा दिसतो तसा दारात उभ्या असलेल्या पालकांना दिसत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

माझ्या पिढीला बॅले म्हटलं की शाळेच्या गॅदरिंगमधलं नृत्यनाट्य आठवतं. उदयशंकर आणि त्यांच्यानंतर शांती बर्धन यांच्या मंडळींनी जे उभं केलं त्यालाही बॅलेच म्हणायचे. खरं तर उदयशंकर स्वतः १९२३ साली लंडनला अ‍ॅना पावलोवा या रशियन बॅले नर्तिकेबरोबर नाचले होते, ती राधा आणि हे कृष्ण. आमच्या क्लासात चालतो तो पावलोवाकडचा बॅले, फ्रान्सच्या दरबारात शिस्त लागलेला. तिथला चौदावा लुई राजा स्वतः नाचायचा. १६५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो उगवता सूर्य होऊन नाचला. पुढं १६६१ साली त्यानं नाचाची अकादमी काढली आणि त्याच्या पदरी असलेल्या बोशां मास्तरांनी पाय ठेवायच्या पाच जागा पक्क्या केल्या. विजापूर रोडवरची आमची पोरं आज त्याच पाच जागांवर पाय ठेवतात. शब्द सगळे फ्रेंच, तोंडं सगळी सोलापुरी.

क्लास भरतो एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. मुहूर्त असला की क्लासला सुट्टी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गेलं की कोपऱ्याकोपऱ्यात अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, खुर्चीखाली सांडलेल्या मठ्ठ्याचा वाळलेला डाग. बॅलेच्या बुटाचा तळ मऊ आणि गुळगुळीत असतो, त्याखाली तांदळाचा एक दाणा आला तरी माणूस सरळ जमिनीवर. म्हणून पहिलं काम केर काढायचं. मॅडम पोरांच्या हातात झाडू देतात आणि मोठ्यांच्या बॅचला मोठ्यांच्याही. एक डॉक्टरीणबाई आहेत, दवाखान्यात चार माणसं हाताखाली असतील, इथं त्या पदर खोचल्यासारखा दुपट्टा कमरेला बांधून अक्षता गोळा करतात.

हॉलची फरशी शहाबादी. पंगती बसवायला उत्तम, उड्या मारायला वाईट. दगड दबत नाही, मग मार खातात गुडघे आणि नडग्या. मॅडमनी आल्या आल्या पहिला खर्च केला तो आरशांवर नाही, जमिनीवर. सुतारमामांकडून खाली रबराचे तुकडे, त्यावर उभ्या-आडव्या लाकडी पट्ट्या, त्यावर प्लायवूड आणि सगळ्यात वर व्हिनाइल असा निम्म्या हॉलभर प्लॅटफॉर्म करून घेतला. लग्न असलं की त्याचे तुकडे करून भिंतीला उभे करायचे. उड्या फक्त त्यावरच. शहाबादीवर उडी मारताना कुणी दिसलं की मॅडमचा आवाज खालच्या स्वयंपाकघरापर्यंत जातो.

मॅडम मुंबईत शिकलेल्या. मुंबईत हे शिकवणं जुनं आहे, तुश्ना डल्लास यांची शाळा १९६६ पासूनची. लग्न होऊन मॅडम सोलापुरात आल्या आणि इथं कुणी शिकवत नाही म्हटल्यावर स्वतःच उभ्या राहिल्या.

मी तिथं गेलो ते नातीला सोडायला. तेव्हा संगीत फोनमध्ये आणि आवाज ब्लूटूथच्या डब्यात. मॅडम पोरांना उभं करायच्या, पळत जाऊन बटण दाबायच्या, पळत परत यायच्या, तोवर पोरांचे पाय कुठल्या कुठं गेलेले. मधेच कुणाचा तरी फोन यायचा आणि चायकोव्हस्कीच्या जागी रिंगटोन. दोन-तीनदा हे बघितलं आणि मग राहवेना.

"मॅडम, मी वाजवून बघू का?"

"नोटेशन वाचता येतं का काका?"

"नाही. पण आठ मोजता येतात."

"मग या."

क्लासात वाजवणारा माणूस बसवायचा ही आमची सोलापुरी टूम नव्हे. युरोपात पूर्वी डान्स मास्तर खिशात मावेल एवढं व्हायोलिन घेऊन स्वतः वाजवत शिकवायचे. एडगर देगा या चित्रकारानं बॅलेच्या तालमींची पुष्कळ चित्रं काढली, त्यांतल्या काहींत बाजूला व्हायोलिनवाला बसलेला दिसतो. पुढं पियानो आला. मॅडमनी ती चित्रं मला फोनवर दाखवली. सगळे त्या पोरींचे झगे बघतात, मी त्या व्हायोलिनवाल्याची मान बघत होतो. तो वाद्याकडं बघत नाहीये ना, एवढंच मला बघायचं होतं.

क्लास सुरू होतो भिंतीकडच्या दांड्याला धरून. त्याला बार म्हणतात. एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडनं पाइपचे करून घेतलेत, दोन उंचीचे, लहानांना आणि मोठ्यांना. (एका पोरानं घरी जाऊन आजीला सांगितलं, "आज आम्ही अर्धा तास बारवर होतो." आजी दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला आली.) आधी प्लिए, म्हणजे गुडघे बाहेर उघडून खाली जायचं आणि वर यायचं. तिथं संथ, तीनाची लय. मग तांद्यू, तळवा जमिनीला घासत पाय ताणून बाहेर न्यायचा आणि परत आणायचा, त्याला चाराची. रों द जाम्ब म्हणजे पायानं जमिनीवर अर्धवर्तुळ काढायचं, तिथं परत तीन. फ्रापे म्हणजे पाय घोट्याजवळनं झटक्यात बाहेर मारायचा, त्याला दोनाची ठसकेबाज लय. शेवटी ग्रां बातमां, पाय वर फेकायचा. त्याला मार्च लागतो आणि तिथं मला वरातीचा जुना अनुभव कामाला येतो.

मी डोक्यात दादरा आणि केरवा धरून वाजवतो. दादरा सहा मात्रांचा, पण नाचणारे दर तीन मात्रांना 'एक' मोजतात. म्हणजे त्यांचे आठ झाले की माझ्या चोवीस मात्रा, चार आवर्तनं. हिशेबनीस असल्यानं एवढं लगेच जमलं. वजनाचा भाग मात्र वेगळा. दादऱ्यात चौथ्या मात्रेला काल, म्हणजे खाली, येतो, तिथं अंग हलकं होतं. वॉल्ट्झला, म्हणजे त्यांच्या तीनाच्या लयीला, काल नाही, दर तीनांतली पहिली तेवढीच जड लागते. मी कालाची मात्रा हलकी सोडली की बारला धरलेल्या बायका अर्ध्या खाली जाऊन थांबायच्या. पुढं जायचं की वर यायचं, त्यांच्या गुडघ्यांनाच कळेना. एकदा रूपकात वाजवायचा मोह झाला, सात मात्रा, कसं होतंय बघू म्हणून. मॅडमनी नुसतं वळून बघितलं.

आणखी एक गोष्ट, तयारी. व्यायाम सुरू व्हायच्या आधी मला चार मोजण्यांत सांगायचं असतं की पुढं काय येणार, किती वेगानं येणार, जड की हलकं. गाणाऱ्याला आपण सूर देतो तसं नाही हे, सूर तर इथं कुणाला लागतच नाही. या चार मोजण्यांत हात वर येतो, श्वास घेतला जातो, वजन एका पायावर सरकतं. फोनमध्ये ही तयारी असते, पण ती एका ठरलेल्या वेगाची. समोर एकीचा केस सुटलाय, दुसरी अजून कुठला पाय पुढं ते आठवतेय, ते फोनला कुठं दिसतंय?

आपल्याकडं सगळा जीव समेवर. कथक असो की भरतनाट्यम, पाय समेवर पडतो आणि वाजतो. सोलापुरात भरतनाट्यमचे क्लास पुष्कळ, तिकडनं आलेल्या पोरींचे गुडघे अरमंडीमुळं, म्हणजे गुडघे वाकवून अर्धं बसायच्या सवयीमुळं, आधीच छान बाहेर उघडलेले असतात. ती कमाई फुकट जात नाही. पण पाय आपटायची सवयही बरोबर येते, आणि मॅडमना उतरताना पाय वाजलेला खपत नाही. आधी बोटं, मग चवडा, मग टाच आणि लगेच गुडघे वाकलेले. त्यात परत काही उड्यांना आकड्यावर जमिनीला टेकायचं असतं आणि काहींना आकड्यावर हवेत असायचं असतं. सम हवेत! पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी घरी जाऊन तबलजी मित्राला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे ठोका मारायचा कुणाला बे?" आता मी ठोका मारत नाही, डाव्या हाताचा सूर आकड्याच्या किंचित आधी सोडतो. ती जागा मोकळी राहते आणि पोरं त्यात वर जातात.

आणि इथंच मला या सगळ्यातली खरी मेख कळली. उडीचा वेग नाचणाऱ्याच्या हातात नसतो, उंचीच्या हातात असतो. शाळेत शिकलेलं सूत्र आहे. दहा सेंटिमीटर उंच उडी मारली तर माणूस हवेत सेकंदाच्या तीन दशांशांपेक्षाही कमी वेळ राहतो. तीस सेंटिमीटर मारली तर साधारण अर्धा सेकंद. आता सहा वर्षांच्या पोरीची उडी केवढी? टीचभर. तिला मोठ्यांच्या वेगाचं गाणं लावलं तर ती टेकून उभी आणि गाणं अजून वरच. मग ती काय करते, गुडघ्यात दम धरून थांबते, किंवा दोन आकड्यांत तीन उड्या मारते, आणि आई दारातनं म्हणते, "हिला तालच नाही." ताल आहे ओ. गाणं तिच्या मापाचं नाही. मी तिच्या गुडघ्यांकडं बघून वेग वाढवतो, तीच पोरगी तीच उडी तालात मारते. त्याच बॅचला एक उंच पोरगा आहे, तो पुढं आला की मी वेग उतरवतो. क्लास लावायच्या आधी बघायला येणारे पालक बूट कुठून मागवायचे ते विचारतात. मी म्हणतो, बूट राहू द्या, उड्या कशावर मारतात ते बघा आणि गाणं कोण लावतं ते बघा.

बूट तसाही स्वस्तातला पुरतो. कॅनव्हासचा किंवा कातड्याचा मऊ बूट, इलॅस्टिक घरीच शिवायचं. गणवेश शिवणाऱ्यांच्या गावात एवढी सुई कुणालाही चालते.

लहानांची बॅच पाऊण तासाची. त्यात निम्मा वेळ बघणाऱ्याला वाटेल की काही शिकवतच नाहीत. घोड्यासारखं दौडत जायचं, टाळ्या वाजवायच्या, जमिनीवर बसून पावलं ताणायची आणि आखडायची, भिंतीकडं तोंड करून दोन्ही हातांनी बार धरायचा. पाय बाहेर वळवायचा तो खुब्यातनं, गुडघ्यातनं किंवा घोट्यातनं नाही. ज्याचा खुबा जेवढा वळेल तेवढाच. सरळ रेषेत पाय दिसावेत म्हणून जमिनीवर पाऊल रेटून वळवलं की सगळा पीळ गुडघ्यावर. मॅडम गुडघ्याची वाटी आणि पायाचं दुसरं बोट एका ओळीत आहे का ते बोटानं रेघ ओढून बघतात. पोरं गाणं ऐकतात आणि पाय विसरतात. गाणं बदललं की त्यांचा चेहरा आधी बदलतो, पाय मागनं येतात.

मोठ्यांचं बरोबर उलट. ते पायाकडं बघत राहतात आणि गाणं ऐकतच नाहीत. बॅच दीड तासाची, सकाळी सहाची. डॉक्टरीणबाई, बँकेतल्या दोघी, एक वकीलसाहेब, पूर्व भागातल्या एक मावशी, ज्या घरी तेलुगू बोलतात आणि इथं 'अं, दू, त्र्वा' मोजायला लागल्यात. ही माणसं सगळं विचारतात. टाच का उचलायची नाही, पोटरीत गोळा का येतो, पाठ ताणायची म्हणजे छाती काढायची का. लहान पोर असलं काही विचारत नाही. पण विचारलेलं त्यांना कळतं, आणि एकदा कळलं की पुढच्या वेळी मॅडमना तेच परत सांगावं लागत नाही. खोड एकच, घाई. सगळे आकड्याच्या आधी पोचतात. चुकू नये म्हणून लवकर निघायचं, बसस्टँडवर अर्धा तास आधी जाऊन बसायची जी सवय तीच. वकीलसाहेब तर तयारीच्या चार मोजण्यांतच निम्मा व्यायाम उरकायचे. शेवटी मी एकदा तयारी वाजवली आणि पहिल्या आकड्यावर हात उचलून घेतला. सगळे पाय बाहेर आणि हॉलमध्ये आवाज नाही. मॅडम म्हणाल्या, "बघा, काका अजून आले नाहीत." त्या दिवसापासनं ते माझ्याकडं कान ठेवून उभे असतात.

पन्नाशीच्या आसपास हे सुरू करावं का, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी डॉक्टर नाही. गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी ते दाखवून या. पण वकीलसाहेब, जे आधी बूट घालायला खुर्ची शोधायचे, ते आता उभ्यानं एका पायावर इलॅस्टिक सरळ करतात. हे मी रोज बघतो.

पेटी आली ती लाइट गेल्यामुळं. उन्हाळ्यात एका सकाळी की-बोर्ड बंद पडला, बॅटरीही संपलेली, आणि कार्यालयाच्या कपाटात भजनाची पेटी होती. म्हटलं चला. पेटीचं काय होतं, डावा हात भात्यावर, त्यामुळं वाजवायला एकच हात. वॉल्ट्झचा खालचा जड सूर कुठनं आणायचा? मग तो मी भात्यातनं आणला. पहिल्या मात्रेला भाता दाबायचा, दुसरी-तिसरी त्याच हवेवर सोडून द्यायची. प्लिएला हे इतकं चांगलं बसलं की मॅडमनी लाइट आल्यावरही पेटीच चालू ठेवायला सांगितली. पियानोचा सूर एकदा वाजला की मरत जातो, मग संथ व्यायामात दोन सुरांच्या मध्ये नाचणाऱ्याला आधार राहत नाही. पेटीचा सूर धरून ठेवता येतो, वाढवता येतो, पायही तसा शेवटपर्यंत वाढत जातो. उड्यांना मात्र पेटी अगदी बेकार. तिच्या सुराला टोकच नाही, कुठून उडायचं ते कळत नाही. आता बारला संथ व्यायाम पेटीवर आणि मधे येऊन उड्या की-बोर्डवर, अशी वाटणी आहे. मे महिन्यात पंखाही बंद करावा लागतो, कारण पेटीचा आवाज पंखा खातो. त्यावर मोठ्यांच्या बॅचमध्ये रीतसर मतदान झालं होतं. पेटी हरली होती. मॅडमनी निकाल फिरवला.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आधी, डिसेंबरात, गावात नंदीध्वजांचा, म्हणजे जत्रेत अंगावर तोलून नेतात त्या उंच काठ्यांचा, सराव सुरू होतो. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील त्यात असतात. सराव करून ते मुलीला न्यायला आले आणि दारात उभं राहून बघत होते. पोरं एका हातानं बार धरून एका पायावर उभी, आणि सगळ्यांनी बार असा आवळलेला की बोटं पांढरी. मॅडम सांगत होत्या, हात नुसता ठेवायचाय. कुणी सोडेना. तेव्हा हे गृहस्थ दारातनंच म्हणाले, "मॅडम, रागवू नका, एक सांगू का? वजन हातावर घेतलं की गेलं. कमरेतनं खाली टाचेत उतरलं पाहिजे, मग हाताला कामच नाय." मॅडमनी त्यांना आत बोलावलं. त्यांनी चप्पल काढली, प्लॅटफॉर्मवर आले, दोन्ही हात पोटापुढं धरले आणि उभे राहिले. नुसते उभे. मॅडम त्यांच्याभोवती फिरून बघत होत्या. कान, खांदा, खुबा, घोटा, सगळं एकाखाली एक. मग त्यांनी एकेका पोराला ह्यांच्या शेजारी उभं केलं. ह्यांचं लक्ष त्यांच्या पोरीकडंच, आणि पोरगी लाजून बारकडं तोंड करून उभी.

पोरगे आहेत का, हा दुसरा ठरलेला प्रश्न. आहेत, थोडे आहेत. एकाच्या काकांनी "पोराला बॅलेला घालताय?" म्हणून बरंच ऐकवलं होतं. मॅडमनी त्यांना लुई राजाचं सांगितलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग मुंबईतल्या अमिरुद्दीन शाहचं सांगितलं. वडील वेल्डर, पोरगा २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला. लंडन म्हटल्यावर काका थोडे मऊ झाले. राजापेक्षा लंडन भारी.

तिसरा प्रश्न सगळ्यात वाईट, "टोकावर कधी उभी करणार?" बोटांच्या टोकावर, त्या कडक बुटात. त्या बुटाचं टोक म्हणजे कापडाचे आणि कागदाचे थर खळीनं चिकटवून केलेली पेटी असते, आणि तळाला कडक पट्टी. (खळ म्हणजे काय ते चादरीच्या गावात सांगायला नको.) पावलाची हाडं लहानपणी पुरती तयार झालेली नसतात, पाय आणि पाठ अंगाचं वजन त्या टोकावर पेलतील एवढी ताकद यायला काही वर्षांचं शिक्षण लागतं. मॅडम अकरा-बारा वर्षांच्या आत तो विषयच काढू देत नाहीत, आणि बारा झाली म्हणून लगेचही नाही. आधी पाऊल बघतात. दुसरीकडं एका कार्यक्रमात मी सात-आठ वर्षांच्या पोरी ऑनलाइन मागवलेले असले बूट घालून उभ्या केलेल्या बघितल्या. गुडघे वाकलेले, घोटे बाहेर पडलेले, आणि पुढच्या रांगेत सगळ्यांचे मोबाइल वर. मला त्यांच्या आयांचा राग आला नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शिकवणाऱ्याचा आला.

आमचा कार्यक्रम असा नसतोच. हुतात्मा स्मृती मंदिराचं नाट्यगृह घ्या, लाइट लावा, हंस करा, अशी मागणी दरवर्षी होते. मॅडम वर्षातनं एकदा पालकांना त्याच हॉलमध्ये खुर्च्यांवर बसवतात आणि रोजचा क्लास दाखवतात, बारपासनं शेवटच्या नमस्कारापर्यंत. शेवटी वाकून शिकवणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला नमस्कार करायची रीत आहे, रेव्हेरांस म्हणतात. फक्त एक लाडाची गोष्ट करू देतात. माझ्या की-बोर्डमध्ये चेलेस्टाचा आवाज आहे, बारीक घंट्यांसारखा. चायकोव्हस्कीनं हे वाद्य पॅरिसला ऐकलं आणि रशियातल्या बाकी संगीतकारांना पत्ता लागू न देता गुपचूप मागवून घेतलं, १८९२ च्या 'नटक्रॅकर'साठी. नाचाचा आराखडा आखणाऱ्या पेटिपानं त्याला सांगितलंच होतं म्हणे, कारंज्यातनं थेंब उडतात तसा आवाज पाहिजे. हा पेटिपा चायकोव्हस्कीला किती मात्रा हव्यात, कुठल्या वेगात हव्यात, सगळं लिहून द्यायचा. एवढा मोठा संगीतकार आणि मापात लिहायचा. हे कळल्यापासनं मॅडम "काका, आठ जास्त झाले" म्हणाल्या तर मी मान खाली घालून आठ कापतो. तर तो चेलेस्टाचा आवाज लावला की सगळ्यात लहान पोरी चवड्यावर पळत हॉलचा एक फेरा मारतात, मऊ बुटातच. आयांचे मोबाइल तेवढ्यापुरते वर येतात. चालतंय.

आता सांगायचं कारण. मोठ्यांची दुसरी बॅच निघतेय, संध्याकाळी साडेसातची, आणि मला कारखान्यात मार्चअखेर असला की तेव्हा जमत नाही. वाजवणारा पाहिजे. की-बोर्ड येत असेल तर उत्तम, नुसती पेटी येत असेल तरी बारपुरतं भागेल. नोटेशन लागत नाही. ऑर्केस्ट्रात वाजवलेलं असेल तर गाण्याच्या मधल्या करामती घरी ठेवून यावं लागेल, आठाच्या बाहेर इथं कुणी जात नाही. तबलजी असाल आणि डग्ग्यावर हात हलका ठेवता येत असेल तर मॅडम एकदा ऐकून बघायला तयार आहेत, मी त्यांच्या मागं लागलोय. मानधन सांगण्यासारखं नाही. चहा खालच्या स्वयंपाकघरातनं येतो, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याबरोबर उरलेली जिलेबीही. एकच अट आहे, मान वर ठेवून वाजवता आलं पाहिजे. मुहूर्त नसेल त्या कुठल्याही संध्याकाळी वर या, बूट-चपला जिन्यातच काढा.